पाच ठिपक्यांची रेघ

फळ्यावर पाचवा ठिपका टेकवला आणि मग भुपेंद्र बिसेनच्या लक्षात आलं, की हे आकडे पुस्तकातले नाहीत. वर्ग बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा होता आणि विषय दरवर्षीचाच: थोडेसे ठिपके हाताशी असतात, त्यांच्यासाठी रेघ कोणती निवडायची, सरळ की वळणारी, आणि वळणारी तर किती वळू द्यायची. पुस्तकातलं उदाहरण खताचं आणि धानाच्या उताऱ्याचं होतं, पण पुस्तक त्याने उघडलंच नव्हतं. गोंदियाच्या या कॉलेजात शिकवता शिकवता केस पांढरे झाले, आता कोण उघडतं. हात आपोआप चालला होता, डावीकडून उजवीकडे, उतरत उतरत, चौथ्या ठिपक्याशी जरा सावरत, आणि मग हा पाचवा, चांगलाच खाली. हे शामकलाचे ठिपके होते. त्याच्या बायकोच्या किडन्या शंभरातलं किती काम करतात ते सांगणारे, वेगवेगळ्या वेळी रक्त देऊन मिळालेले पाच आकडे. आणि घरच्या कॉम्प्युटरवर ज्या आलेखावर त्याने इतके दिवस जीव लावला होता, त्यात हा पाचवा ठिपका नव्हताच. त्याने तो वगळला होता. हाताने मात्र तो बरोबर आठवून ठेवला होता.

"सर, ये तो सीधी लाईन है," पहिल्या बाकावरची रुची म्हणाली. ही मुलगी उत्तर देताना उभी राहायची आणि उत्तर झालं की बसायचं विसरायची. मागून कोणीतरी म्हणालं, नाही, चौथ्या पॉइंटपासून ती धाडकन खाली चालली आहे, गुडघा मोडल्यासारखी. तिसरा म्हणाला, पाचवा सोडून दिला तर छान सपाट होत जाते. सोडून कसा देणार, रुचीने वळून विचारलं, तुझ्या घरचा आहे का पॉइंट? वर्ग हसला. भुपेंद्रही हसला. "सर, खाली टाइम आहे ना? आणि उभ्या अक्षावर काय आहे?" रुची अजून उभीच होती. त्याने अक्षाच्या टोकाशी खडू नेला आणि काहीच लिहिलं नाही. "काहीही असू शकतं," तो म्हणाला. "मग सर, एक पॉइंट आणखी येऊ द्या ना. रुकून जाऊ. सहावा आला की समजेल." बरोबर होतं तिचं. पुस्तकात हेच लिहिलं आहे, त्यानेही हेच शिकवलं आहे: आकडे कमी असतील तर आणखी गोळा करा. त्याने डस्टर शोधलं नाही, तळहातानेच फळा पुसला, आणि तास संपायच्या आधी वर्गाबाहेर पडला. व्हरांड्यात उभं राहून तो हाताकडे बघत राहिला. तळव्यावर पांढरी भुकटी होती आणि ती झटकावी की नाही हे त्याला कळेना.

स्कूटर त्याने सवयीच्या रस्त्याने घेतली नाही. मुर्रीला घरी जायला फार तर पाव तास लागतो, पण त्याला लवकर पोचायचं नव्हतं. राइस मिलच्या बाजूने तो गेला. कोंड्याचा तो उबदार, थोडा आंबूस वास नाकात शिरला आणि त्या वासाबरोबर लग्नानंतरचं पहिलं वर्ष आलं. तेव्हा ते गावात एका मिलच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायचे. शामकला गोरेगावजवळच्या खेड्यातून आलेली, बी.ए. अर्धं सोडून, हात शिवणकामात पक्का. तो एम.फिल.चे आलेख काढत बसायचा, हाताने, शिसपेन्सिलीने, आणि वक्र काढायला त्याच्याकडे प्लॅस्टिकची हिरवट पट्टी होती, नागमोडी, नागपूरहून मुद्दाम आणलेली. ती पट्टी आठ दिवसांतच नाहीशी झाली. सापडली ती तिच्या कपड्यांच्या ढिगात, निळ्या खडूने माखलेली. तिने तिच्यावरून शेजारणीच्या पोलक्याचा गळा बेतला होता. तो चिडला. ती म्हणाली, "का जी, तुमच्या कागदाले गळा आहे का? मंग याले तरी कामात येऊ द्या." तो चिडलेलाच राहायचा प्रयत्न करत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून हसत होती, वाकून, पोट धरून. पुढे ती पट्टी दोघांची झाली. एका बाजूला पेन्सिलीचा काळा, दुसऱ्या बाजूला खडूचा निळा. कोणत्या तरी घरबदलात ती हरवली आणि दोघांनीही शोधली नाही.

विद्यार्थ्यांना तो एक गोष्ट पोटतिडकीने सांगायचा. पाच ठिपक्यांमधून हव्या तितक्या रेघा जातात. मुरडायची लाज नसेल तर प्रत्येक ठिपक्याला शिवून जाणारी रेघही काढता येते, ती दिसायला फार शहाणी दिसते, आणि ठिपके संपले की पुढच्याच पावलाला वेड्यासारखी आभाळात नाहीतर पाताळात जाते. म्हणून कमीत कमी वळणारी निवडा. आणि ठिपका आवडला नाही म्हणून टाकून देऊ नका. टाकायचा तर कारण आधी सांगा, रेघ काढल्यावर नाही. हे सांगताना त्याचा आवाज थोडा चढायचा, टेबलावर बोट आपटायचं. तोच माणूस घरी दार लोटून कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि एकामागून एक रेघा बघत होता. सरळ रेघ त्याने काढली, ती पुढच्या थंडीच्या आसपास त्या पातळीला पोचत होती जिथून पुढे मशीनवर रक्त धुवावं लागतं. गुडघ्यातून मोडणारी काढली, ती तर उन्हाळ्यातच. मग त्याने पाचव्यावर टिचकी मारून तो वगळला. आणि पडद्यावर एक रेघ आली, घरंगळत येऊन हळूहळू सपाट होणारी, तलावाच्या काठासारखी, कधीच कुठेच न पोचणारी. तिच्याकडे पाहताना त्याच्या खांद्यांतली ओढ सैल झाली होती. कारणही त्याने शोधलं: पाचवी तपासणी वेगळ्या लॅबमध्ये झाली, आणि त्या आठवड्यात तिला ताप होता. कारण खोटं नव्हतं. फक्त ते रेघेनंतर आलं होतं.

तो आलेख घेऊनच तो शामकलाबरोबर नागपूरला गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शामकलाला वजन करायला बाहेर पाठवलं आणि त्याला सांगितलं, की मशीनच्या सुयांसाठी आता हातात फिस्टुला करून ठेवलेला बरा. मनगटाजवळच्या दोन रक्तवाहिन्या जोडायच्या, छोटं ऑपरेशन, पण ती नस फुगून तयार व्हायला महिने लागतात. वेळ आल्यावर करायला गेलं तर गळ्यात नळी घालावी लागते. मशीन लागेल की नाही ते पुढचं पुढे, तयारी आधी. त्याने घडी उलगडून आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्या बराच वेळ बघत होत्या. "पाचवा रिपोर्ट यात दिसत नाही," त्या म्हणाल्या. त्याने तापाचं सांगितलं. त्यांनी कागद परत केला आणि म्हणाल्या, "सर, रेघ फार मायेने काढली आहे तुम्ही." त्यात चेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही दोघं ठरवून सांगा." तेवढ्यात शामकला आत आली, वजनकाटा खोटा आहे म्हणत. आणि परतीच्या गाडीत तिने विचारलं, "का म्हने डाक्टरीण?" तेव्हा तो म्हणाला, "घाई नाही म्हने." एवढंच. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पळत होत्या. ती समाधानाने डबा उघडायला लागली होती, आणि डब्यातला त्याचा वाटा नेहमीसारखा मोठा होता.

घराशी पोचला तेव्हा शिलाई मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पिंकी, त्यांची एकुलती एक, रायपूरला दिली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी येणार होती. शामकला जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवत होती, पलंगभर घड्या पडल्या होत्या. तो सरळ स्वयंपाकघरात गेला. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून, पुन्हा उकळणं हे काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं, किडनीला न झेपणारं पोटॅशियम निघून जावं म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यापासून; त्या भाज्यांना मग काही चव उरायची नाही आणि ती प्रत्येक घासाला म्हणायची, "गणिताची भाजी आहे." त्याने पातेलं चढवलं. दुधी पाण्यात वर-खाली होत होता. सहावा ठिपका येऊ द्यावा, वर्गात रुची म्हणाली होती. पण सहावा ठिपका येतो म्हणजे काय होतं? कुठून तरी वाऱ्यावर येत नाही तो. त्याच्यासाठी शामकलाला तितके महिने जगावं लागतं, पाय सुजवून, रात्री कूस बदलत, सकाळी उठून 'काही नाही झालं मले' म्हणत. ठिपके गोळा करणं म्हणजे तिचे दिवस खर्च करणं. खताच्या उदाहरणात हे कधी जाणवलं नव्हतं. आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये जे रिकामं असतं, तिथे तर सगळंच होतं: पिंकीच्या लग्नात ती दमून मांडवाच्या खांबाला टेकली होती ते, गणपतीत तिने चोरून खाल्लेलं केळं, तिच्या भावाने, सेवकरामने, पाठवलेल्या शिंगाड्यांवरून झालेलं भांडण. त्याने गॅस बंद केला. दुधी अजून कच्चाच होता.

"शामा," तो दाराशी येऊन म्हणाला, "थोडी मशीन थांबव."

तिने पाय उचलला, पण चाक आपोआप थोडं फिरत राहिलं. "लवकर आले तुमी? बरं नाही का?"

"मी बरा आहो. तुले एक गोष्ट सांगाची आहे."

पण सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, फक्त ठिपके होते. त्याने मशीनच्या फळीवरचा तिचा खडू घेतला आणि त्या काळ्या, गुळगुळीत लाकडावर एकेक टेकवला. पहिला. "हा पाय सुजले होते तेव्हाचा." ती चष्मा सावरून वाकली. "हा पिंकीच्या लग्नानंतरचा," तीच म्हणाली, दुसऱ्याकडे बोट करून, "लग्नात एवढी कशी वाळली, असं विचारलं होतं तुमी." तिसरा, चौथा. चौथ्याशी तो थांबला, कारण चौथ्याच्या दिवशी ते खूश होऊन रिपोर्ट घेऊन सरळ हलवायाकडे गेले होते आणि तिने एकच रसगुल्ला पिळून पिळून खाल्ला होता. मग त्याने पाचवा टेकवला, आणि त्याने तो कसा टाकून दिला होता ते सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. गाडीत तो काय खोटं बोलला ते सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, खडूकडे बघत होता.

तिने पाचव्या ठिपक्याशी बोट नेलं. मग म्हणाली, "हा ठिपका कोनाचा आहे?"

"तुझा."

"माहा आहे ना? मंग तुमी कायले खाऊन टाकला?"

तिने दुपट्याची कड मशीनखाली सरकवली आणि पाय मारायला सुरुवात केली, जोरात, इतक्या जोरात की खडूचे ठिपके हादरून धुरकट झाले. एक कड संपली, दुसरी संपली. तो तिथेच उभा राहिला, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. त्याला वाटलं, ती रडेल. मग वाटलं, रडली तर बरं. ती रडली नाही. तिने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "दुखते का ते आपरेशन?"

"हात बधिर करतात. जास्त नाही दुखत म्हने."

"कोनता हात?"

"डावा. तू उजव्यानं काम करतेस ना. अन मंग त्या हातानं जड उचलाचं नाही. बीपी नाही पाहाचा. घट्ट काही घालाचं नाही."

"बांगड्या?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ती आपल्या डाव्या मनगटाकडे बघू लागली. हिरव्या काचेच्या, मध्ये सोन्याची एक बारीक. किडनीचं ऐकताना तिचा चेहरा हलला नव्हता, पण आता तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि पुन्हा खाली येऊ दिल्या. त्याला तो हात धरावासा वाटला आणि आज आपल्याला तो हक्क नाही असंही वाटलं. स्वयंपाकघरात अर्ध्या उकळलेल्या दुधीचं पाणी गार होत होतं.

"लोक म्हनतीन, नवरा असून एक हात मोकळा ठेवून राहिली," ती म्हणाली. "मी उजव्या हातात दोन्हीकडच्या घालीन. आवाज करतीन भलता, पन घालीन." मग एकदम कामाच्या सुरात: "पिंकी यायच्या आधी करून टाकू. लेकरू हाती घ्याच्या टायमाले मले पट्टी नको."

"शामा, ताप होता हेबी खरं आहे. कदाचित तसं नसनही. कदाचित लागनारच नाही मशीन."

"नाही लागली त नाही लागली. हात कुठं वाया जाते?" तिने फळीकडे बोट केलं. "ते तुमची सरळवाली रेघ वोढा बरं इथं. पाह्यतो मी."

त्याने ओढली. ती फारशी सरळ आली नाही. तिने नाक जवळ नेऊन पाहिलं. "हे त कोन्याच ठिपक्यातून नाही जाऊन राहिली."

"नाही जात. सगळ्याईच्या जवळून जाते."

"असं?" ती थोडा वेळ पाहत राहिली. "मंग चालते." आणि पदराने फळी पुसून तिने पुढचं दुपटं घेतलं. "पन मास्तर, आता माहा रिपोर्ट मले आधी दाखवाचा. मंग तुमी पाहा." तो हो म्हणाला. तिने पुन्हा म्हणवून घेतलं. त्याने पुन्हा म्हटलं. संध्याकाळी दुधी इतका शिजला होता की चमच्याने उचलता येईना, आणि तिने काही न बोलता दोनदा वाढून घेतला. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. तो ते विचारायला धजला नाही.

नागपूरला जायच्या सकाळी मोरीत बसून त्याने तिच्या डाव्या हाताला साबण लावला. फोडायच्या नाहीत, असं तिने बजावलं होतं. तिचा हात अलीकडे सुजलेला असायचा, बांगड्या अंगठ्याच्या हाडाशी अडत होत्या. एकेक बांगडी तो फिरवत, पाणी सोडत, पुढे सरकवत होता आणि ती "हळू, हळू, गाय दोहून राहिले का?" म्हणत होती. लग्नात चुडा भरताना पाहुण्यांच्या गर्दीत त्याला हा हात दिसलाही नव्हता. आता त्यावरची प्रत्येक रेषा, लहानपणी विळ्याने कापल्याची खूण, सुईने टोचून टोचून राठ झालेलं बोट, सगळं त्याच्या गुडघ्यावर पडलेलं होतं, ओलं आणि जड. शेवटची सोन्याची निघाली तेव्हा मनगटावर तिच्या मापाचा एक फिकट पट्टा उरला. ती त्याच्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "गोरी होती मी, पाहा."

ऑपरेशनआधी पुन्हा रक्त घेतलं होतं. रिपोर्ट तिने आधी पाहिला, आकडा वाचला, आणि मग त्याच्या हातात दिला. "कुठं पडला?"

त्याने डोळ्यांसमोर ती फळी आणली. "रेघेच्या जरा वर."

"म्हनजे चांगलं?"

"म्हनजे जवळ."

तिने मान डोलावली, जणू तिला एवढंच हवं होतं, आणि नर्सने हाक मारली म्हणून उठली. दारातून वळून तिने उजवा हात हलवला, बांगड्या खळखळल्या आणि बाकावरचे दोन-तीन जण वर बघायला लागले.

तो बसून राहिला. वाट बघताना मनात आकडे मांडायची त्याला सवय होती. आज आकडे आलेच नाहीत. फिनेलचा वास होता, कोणाचं तरी बाळ किरकिरत होतं, आणि त्याला सारखं वाटत होतं की आत तिला थंडी वाजत असेल, ती सांगणार नाही, आणि शाल त्याच्याजवळच्या पिशवीत आहे. त्याने ती शाल काढून मांडीवर घेतली. मग बऱ्याच वेळाने त्याला आत बोलावलं. ती पडून होती, चेहरा थोडा पिवळा, हातावर पातळ पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, इकडे या. पट्टीच्या वर बोटं ठेवा. दाबू नका. रोज सकाळ-संध्याकाळ हे तुम्हाला तपासायचं आहे. थरथर लागली पाहिजे. बंद वाटली तर लगेच फोन."

त्याने बोटं ठेवली. काहीच नाही. गार, बधिर कातडी. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, पण त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या होत्या.

"अजून वर," शामकला डोळे मिटूनच म्हणाली. "कोपराकडं सरका थोडं. घाबरून राहिले का?"

तो सरकला. आणि बोटांखाली ते आलं. नाडीचे ठोके नव्हेत, ठोक्यांच्या मधली जागासुद्धा भरून काढणारं, न थांबणारं, कातडीच्या आत घुमणारं काहीतरी, मांजर मांडीवर निजलं की येतं तसं. ते मोजायचं कसं हे त्याला कळलं नाही. त्याने बोटं तशीच ठेवून डोळे मिटले. त्या घुमण्यात तिचा राग होता की नाही, किती हिवाळे होते, काही कळत नव्हतं. ते फक्त चाललं होतं, आणि गरम होतं.

"चालू आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग सोडा ना आता हात. लोक पाहून राहिले."

"पाहू दे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने शाल तिच्या पायांवर ओढली.